कितीतनं?

त्या बाई हसल्या. ते हसू गेले दोन महिने माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एप्रिलची दुपार होती. रुग्णालयाच्या लांब बोळातल्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो, एका कडेला मावशी, मध्ये मी, पलीकडे त्या. कूलरचा आवाज येत होता, गारवा मात्र येत नव्हता. बाहेरच्या उन्हानं फरशीसुद्धा कोमट झालेली. मावशीनं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, भाकरीचा तुकडा मोडला तसा 'कट्ट' आवाज सगळ्या बोळात गेला. एक तुकडा मला, एक त्यांना. त्यांनी तो हातातच धरून ठेवला आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही गणिताच्या ना? या अक्का सांगायल्या. माझं पण कागदात तेच लिवलंय. किती भ्याचं?" मी म्हणाले, "फार नाही हो. तुमच्यासारखा कागद हातात आलेल्या अकरा जणींत साधारण एकीलाच खरा आजार निघतो." त्यांनी एका हाताची पाच बोटं उघडली, मग दुसऱ्या हाताची पाच, आणि हसल्या. "दहा जणी बऱ्या की मग!" मग त्यांनी भाकरी खाल्ली.

मी सांगितलेला आकडा खोटा नव्हता. तो त्यांचा नव्हता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. संभाव्यता हा माझा आवडता धडा. मुलं दहावीच्या बीजगणितात नाणं, फासा आणि पत्त्यांचा कॅट यांच्याशी ओळख करून आलेली असतात, मग आमच्याकडे पिशवीतले लाल-निळे चेंडू येतात. पिशवीत लाल किती, निळे किती, हे गणितात पहिल्याच ओळीत दिलेलं असतं. वर्षानुवर्षं ते शिकवताना माझ्या लक्षात आलं नव्हतं की खरी अडचण तिथेच आहे. बाहेरच्या जगात पिशवी कोणती, हे कुणी सांगत नाही.

मावशी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. बावीस वर्षं झाली. मी लहान असताना सुट्टीत तिच्याबरोबर तिथे जायची. पलीकडच्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट येत असायचा, इतका की इकडच्या बायका एकमेकींशी ओठांच्या हालचालींवरूनच बोलायच्या. हवेत सुताची पिंजण तरंगायची, संध्याकाळी मावशीच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. लांबलचक टेबल, वर ट्यूबलाइट, आणि तिच्या हाताखालून सरकणारे टॉवेल. डोळे आणि तळहात दोन्ही एकदम काम करतात. ओढलेला दोरा डोळ्याला दिसतो, पातळ पडलेली विण तळहाताला कळते, तेलाचा डाग दोघांनाही. संशय आला की टॉवेल डाव्या बाजूला. मुकादम येऊन म्हणायचा, "आज दहा निघाले." मावशी मान वर न करता विचारायची, "कितीतनं?"

हा प्रश्न मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की तो मला तिच्या आवाजातच आठवतो. चाळीस डझनांतून दहा म्हणजे माग ठीक चाललाय. चार डझनांतून दहा म्हणजे फणीत काहीतरी बिघडलंय, माणूस पाठवा. नुसत्या दहाचा तिला काही उपयोग नसायचा.

मार्चमध्ये वसाहतीत बायकांसाठी तपासणी शिबिर झालं. स्तनांचा कर्करोग शोधणाऱ्या मॅमोग्राफीची गाडी आली होती. मावशीला काहीही त्रास नव्हता. सगळ्या जणी गेल्या म्हणून ती गेली. आठ दिवसांनी कागद आला, त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की संशयास्पद भाग दिसतो, पुढची तपासणी करून घ्यावी. संध्याकाळी ती कागद घेऊन आमच्याकडे आली. मी ताट वाढलं होतं. कागद मी वाचला, तिला मराठीत सांगितला. तिनं विचारलं, "मंजी मला हाय का न्हाई?" आणि मी, धडा शिकवल्यासारखी, लगेच बोलून गेले, "शंभरातल्या नव्वद वेळा ही तपासणी आजार बरोबर पकडते गं." मला तिला शास्त्राचा भरवसा द्यायचा होता. तिचा घास हातातच राहिला. तिनं ऐकलं ते एवढंच की शंभरात नव्वद. ती उठली, हात धुतले, आणि "पाणी यायचंय आज" म्हणून घरी गेली.

रात्री मला झोप लागली नाही. तिनं विचारलं होतं एक, मी उत्तर दिलं होतं दुसऱ्याचंच. आजार असेल तर तपासणी तो किती वेळा पकडते, हा एक प्रश्न. तपासणीनं पकडलं तर आजार किती वेळा असतो, हा दुसरा. वाक्यातले शब्द तेच, फक्त त्यांची जागा बदलते. सोलापुरातल्या कारखान्यांत टॉवेल विणले जातात, म्हणून टॉवेल विणणारा प्रत्येक जण सोलापूरचा ठरत नाही. हे कुणालाही पटतं, पण आकडे आले, भीती आली की तीच चूक शिकलेली माणसंही करतात. १९७८ साली हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि अध्यापक सगळे त्यात होते, असाच एक प्रश्न विचारला गेला. हजारात एकाला असणारा आजार, निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा 'आहे' म्हणणारी चाचणी, तर 'आहे' आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता किती? उत्तर साधारण २ टक्के. ते ११ जणांनी सांगितलं. २७ जण म्हणाले, ९५ टक्के. हे मी वर्गात दर वर्षी सांगते. सांगून झाल्यावर मुलं हसतात, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याबरोबर हसत आलेय. आता हसवणार नाही.

मध्यरात्री उठून मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. सगळीकडे दिलं जाणारं उदाहरण आहे ते, आकडे हिशेबाच्या सोयीचे. समजा कसलाही त्रास नसलेल्या हजार बायका तपासल्या. त्यांत खरा आजार दहा जणींना. तपासणी त्यांतल्या नऊ पकडते, एक निसटते. उरल्या ९९० निरोगी. त्यांतल्या शेकडा नऊ जणींना तपासणी उगाचच 'संशयास्पद' म्हणते, म्हणजे जवळजवळ ८९ जणी. कागद हातात आलेल्या एकूण बायका नऊ अधिक एकोणनव्वद, ९८. त्यांत खऱ्या आजाराच्या नऊ. अकरातली एक. नव्वद टक्के कुठे आणि अकरातली एक कुठे! तपासणी तीच, मावशी तीच. फरक एवढाच की आता तिच्याभोवती त्या ९९० बायका उभ्या होत्या, ज्यांना मी संध्याकाळच्या उत्तरात मोजलंच नव्हतं. हा हिशेब उलट्या बाजूनं करायची रीत थॉमस बेझ नावाच्या इंग्लंडातल्या धर्मोपदेशकानं लिहून ठेवली. तो वारल्यावर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानं ती प्रसिद्धीला दिली. वर्गात मी ती सूत्र म्हणून शिकवते, वर एक अपूर्णांक, खाली दोन अपूर्णांकांची बेरीज. त्या रात्री पहिल्यांदा मला त्या छेदामध्ये माणसं दिसली.

सकाळी सातला तिच्या दारात गेले. तिची भांडी भरून झाली होती, अंगण ओलं होतं. मी कागद उलगडून सांगू लागले, हजार बायका, दहा, नऊ, नव्वद. तिनं मध्येच थांबवलं. "टॉवेलात सांग."

मी टॉवेलात सांगितलं. हजार टॉवेल, खरे खराब दहा. ती लगेच म्हणाली, "आणि मी डाव्या बाजूला किती काढती? शंभराच्या आसपास. परत खिडकीशी उजेडात नेऊन बघती, त्यातले नव्वद परत चांगल्यात जात्यात." मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. माठावरचं झाकण नीट केलं. म्हणाली, "बाजूला काढला मंजी खराब न्हवं गं. बाजूला काढला मंजी परत बघायचा. मुद्दामच जास्त काढायचे असत्यात. एक खराब पीस गाठीतनं परदेशात गेला तर सगळी गाठ परत येती." संवेदनशील चाचणीत खोटे इशारे जास्त का येतात, ते का चालवून घ्यावे लागतात, हे मी मुलांना दोन तासिका घेऊन सांगते. तिनं ते माठाशी उभं राहून सांगितलं. मला भरून आलं. तिला मात्र राग आला होता, माझा. "हे काल का न्हाई सांगितलीस? रातभर मी नव्वदात होते."

तरीही तिची भीती पूर्ण गेली नाही, आणि ती कुठे अडकली होती ते दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी कळलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आईला न्हाई झालं, आक्काला न्हाई, तुझ्या आईला न्हाई. घरात आजवर कुणालाच न्हाई. मंजी आता माझीच पाळी." हे वाक्य ऐकलं आणि मला होम मैदान आठवलं. गड्ड्याची यात्रा, संक्रांतीची थंडी, नंदीध्वज बघून झाल्यावर पाळण्यांकडे जायची घाई, भज्यांच्या तेलाचा वास. मी दहा वर्षांची असेन. एका तंबूत आकड्यांचं चक्र फिरत होतं आणि आमच्या शेजारचे काका त्याच्यापुढे उभे होते. "सात लई वेळ झाला आला न्हाई, आता येणारच," असं म्हणत ते पुन्हा पुन्हा सातावर पैसे लावत होते. वडिलांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, तेव्हा खिसा रिकामा झाला होता. काकूंसाठी घ्यायच्या बांगड्या राहून गेल्या, ते काका परतीच्या वाटेवर एकदाच बोलले. चक्राला आठवण नसते. मागच्या वीस फेऱ्यांत काय आलं ते त्याला ठाऊक नसतं, ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण त्याच्यावर कर्ज असल्यासारखं बघतो. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री माँटे कार्लोच्या जुगारघरात फिरत्या चक्रावरचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला. प्रत्येक फेरीला लोक वाढत्या रकमा लालवर लावत गेले, आता लाल येणारच म्हणून, आणि तिथल्या पैसेवाल्यांचीही गत आमच्या काकांसारखीच झाली.

पण मावशीला मी हे ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "मग पाण्याचं काय?" आणि मला थांबावं लागलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. मावशीचं सगळं आयुष्य 'आज तिसरा दिवस, उद्या यायला पाहिजे' या हिशेबावर चाललंय, आणि तिचा हिशेब बहुधा बरोबर निघतो. तिथे मागचे कोरडे दिवस खरोखरच काहीतरी सांगत असतात. कारण नळामागे चावीवाला आहे, भागांची पाळी ठरलेली आहे, शंभरएक किलोमीटरवरून उजनीचं पाणी आणणारी जलवाहिनी आहे. तिच्यात बिघाड झाला, पंपाची वीज गेली, तर अंदाज चुकतो, आणि तो चुकण्यालाही कारण असतं. नळाला आठवण आहे. म्हणजे 'इतके दिवस झालं नाही, आता होणारच' हे वाक्य सरसकट खोटं नाही. ते कशाबद्दल बोललंय, चक्राबद्दल की नळाबद्दल, त्यावर सगळं आहे. आयुष्य पाण्याच्या पाळीवर काढलेली बाई चक्रासमोरही पाळी शोधणार, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. मुलांच्या उत्तराला मी 'चूक' असा शेरा मारते, तेव्हा ती चूक कुठल्या शहाणपणातून आली असेल याचा विचार करत नाही. मी तिला सांगितलं की आजाराची पाळी कुणी वहीत लिहून ठेवलेली नसते. घरात कुणाला झालेला नाही ही झाली तर थोडी चांगलीच बाजू आहे, वाईट नव्हे. तिनं ऐकून घेतलं. पटलं असेल असं म्हणवत नाही.

मग तो दिवस, तो बाक. सिस्टरनी कागद जुळवताना जन्मतारीख विचारली आणि मावशी व त्या बाई एकदमच म्हणाल्या, "एक जून." दोघी एकमेकींकडे वळल्या, हसल्या, तिथून ओळख झाली. मावशीनं त्यांचं नावच ठेवलं, एक जूनवाली. वाढदिवसांचं हे कोडंही मी वर्गात घालते. २३ जण असले की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, कारण २३ जणांच्या जोड्या २५३ होतात. पन्नासांच्या वर्गात तर ती ९७ टक्क्यांवर जाते. पण हे गणित वर्षाच्या सगळ्या दिवसांना सारखं मानतं. ज्या पिढीच्या जन्माची नोंदच नव्हती, तिचा वाढदिवस हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना ठरवला, आणि शाळा जूनमध्ये उघडायच्या. त्या बाकावर साठीकडे झुकलेल्या दोघी एक जूनच्या निघाल्या यात नवल कमीच होतं. मावशीला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "असंल. पण भेटलो तर आम्हीच ना?"

त्या बाई विडी कामगार. बोलतानाही त्यांची बोटं मांडीवर अधूनमधून काहीतरी वळल्यासारखी हलायची. मावशीनं त्यांना डाव्या बाजूच्या टॉवेलांचं सगळं समजावून सांगितलं, काढले म्हणजे खराब नव्हे, परत बघायचे. त्या म्हणाल्या, "आमच्यात तसं नसतंय अक्का. कारखान्यात माल मोजून घेताना छाट काढत्यात. पान वाकडं दिसलं, बांधा सैल वाटला, काढलं. परत कोण बघंना. तेवढी मजुरी गेली." दिवसाला हजार विड्या वळायच्या, त्यातून छाट. चांगलीच विडी असेल तरी. दोघींच्या हातून आयुष्यभर मोजणी होत आलेली, पण एकीच्या टेबलाजवळ खिडकी होती आणि दुसरीच्या नव्हती. दुसरी नजर टाकायला वेळ लागतो, पैसा लागतो, एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो. त्या तीन रिक्षा बदलून आल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी मला विचारलं, 'किती भ्याचं', आणि मी सांगितलं, अकरातली एक.

नऊ दिवसांनी अहवाल आले. मावशीची साधी गाठ, काळजीचं कारण नाही, सहा महिन्यांनी दाखवा. त्यांचा अहवाल तसा नव्हता. डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं म्हणून मावशी आत गेली, आणि डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तिनं बाहेर येऊन मला सांगितलं. हाताला गाठ लागत होती. दिवाळीपासून. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. शिबिरातही नाही.

म्हणजे त्या माझ्या हजारातल्या नव्हत्याच. मी मांडलेल्या हजार बायका कसलाही त्रास नसलेल्या होत्या, सहज तपासायला आलेल्या, मावशीसारख्या. सहा महिने हाताला गाठ लागणाऱ्या साठीकडच्या बायका गोळा केल्या, तर त्या हजारात खरा आजार दहा जणींना नसतो, कितीतरी अधिक जणींना असतो. मग तोच कागद, तीच तपासणी, पण उत्तर अकरात एक असं येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं असेल तर. मी मावशीच्या भांड्यातलं शीत दाबून त्यांना सांगितलं की तुमचा भात ठीक आहे. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता, 'तुम्हाला काही जाणवतंय का?' बाकावर आमच्यात वीतभर अंतर होतं. मी विचारला नाही. मला माझा नवा हिशेब इतका आवडला होता, रात्रभर नव्वदात अडकलेल्या माणसाला बाहेर काढणारा तो हिशेब, की तो प्रत्येकीला लागू पडेल असं मी धरून चालले. माझ्या आकड्यामुळे त्यांची तपासणी टळली नाही, उपचारही लांबले नाहीत. त्या ज्या दिवशी यायच्या त्याच दिवशी आल्या. पण ते नऊ दिवस त्या दहा जणींत होत्या, आणि तिथे मी त्यांना बसवलं होतं.

मावशीचं दुःख वेगळं होतं. घरी येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. सात रस्त्याच्या सिग्नलला म्हणाली, "दोघींची तारीख एक. एकीचं निघालं, एकीचं न्हाई. माझ्या वाट्याचं तिच्याकडं गेलं का गं?" मी म्हणाले, नाही. दोन घटना स्वतंत्र आहेत, तुझा अहवाल चांगला आला म्हणून तिचा वाईट आला नाही, तिचा चांगला आला असता तरी तुझा बदलला नसता. बोलले ते सगळं बरोबर होतं, आणि त्या वेळी खरं म्हणून तेवढंच माझ्याकडे होतं. ती म्हणाली, "व्हय." मग पदरानं डोळे पुसले आणि सिग्नल सुटेपर्यंत माझा हात धरून बसली. सुटकेचा आनंद तिला उघडपणे घेता येत नव्हता. मलाही नाही. त्या रात्री आमच्याकडे गोड केलं होतं, ते तसंच राहिलं.

एक जूनला तिनं सुट्टी घेतली. म्हणाली, आज तिचा बी वाढदिवस, जाऊन येऊ. त्या कुंभारीच्या घरकुलात राहतात, विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची ती वसाहत. घराचा नंबर आमच्याकडे नव्हता. मावशीनं दोन नवे टॉवेल घेतले, एकही दोरा ओढलेला नाही असे, खिडकीशी नेऊन बघितलेले. बसमधून उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं, वळवाच्या पावसाआधीचा तो धुळीचा वास. सारख्याच दिसणाऱ्या गल्ल्या, सारखीच दारं, आणि दारोदारी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका. मावशी विचारत निघाली. कारखान्यात शिकलेल्या तेलुगूत, नाव सांगून, वर्णन सांगून. चौथ्या की पाचव्या गल्लीत एका मुलीनं हात धरून नेलं.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस गेले होते, डोक्याला रुमाल. सूप आता मुलीच्या मांडीवर होतं. विड्यांची पानं, तंबाखू, दोरा, सगळा वास खोलीत भरलेला. मावशीला बघून त्या हसल्या, तेच हसू. मला त्यांची क्षमा मागायची होती. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मावशीला तेलुगूत काही विचारलं आणि मावशीनं माझ्याकडे बघितलं. "ती विचारायलीय, हे औषध घेतलेल्या बायका बऱ्या हुत्यात का. एंत मंदिलो एंत मंदि. कितीतनं किती."

एक आकडा माझ्या ओठांवर आलाही होता. कुठेतरी वाचलेला. मी तो गिळला. म्हणाले, "कोणत्या बायकांतून, ते आधी बघायला लागेल. तुमची गाठ केवढी होती, कुठवर गेली होती, तुम्हाला औषध कोणतं चालू आहे. तुमच्यासारख्या बायका धरून मोजायला पाहिजे. बाकावर मी तुम्हाला दुसऱ्याच बायकांतून मोजलं होतं. चुकलं माझं." मावशीनं ते तेलुगूत सांगितलं. माझ्या वाक्यापेक्षा तिचं वाक्य लांब झालं, त्यात टॉवेल हा शब्द दोनदा आला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उशाखालची फाइल काढून माझ्या हातात दिली.

पुढची तारीख सोमवारची आहे. मी कॉलेजात रजा टाकली आहे. फाइलच्या पाठीमागे मी त्यांच्यासमोरच प्रश्न लिहिले, डॉक्टरांना विचारायचे, पहिला हाच, की यांच्यासारख्या कितीतनं किती. मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवले. बाहेर पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. मावशीनं टॉवेल उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि स्वतः सूप ओढून मुलीला मदत करायला बसली, वळलेल्या विड्या जुळवायला. त्या भिंतीला टेकूनच, डोळे मिटून, तिच्याबरोबर मोजत होत्या. इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु. पंचविसाचा एक कट्टा झाला. मुलीनं दोरा बांधला आणि त्यांनी पुन्हा एकापासून सुरुवात केली.